पगारातून कापलं ते कुठे, कधी आणि कोणत्या क्रमांकावर भरायचं: कामगार असलेल्या छोट्या मालकांसाठी

दर महिन्याला प्रत्येक कामगाराचे २०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले, वहीत नीट लिहिले, मार्चमध्ये एकरकमी भरूनही टाकले. फक्त चलन निघालं ते मालकाच्या स्वतःच्या व्यवसाय कराच्या (पीटीईसी) क्रमांकावर. आता खात्याच्या नोंदीत मालकाने गरजेपेक्षा जास्त कर भरलाय आणि कामगारांचा कर शून्य आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतलं वर्कशॉप असो, लातूरचा क्लास असो की परभणीचं जिनिंग, चुका याच जातीच्या असतात. पैसे असतात, भरायची तयारीही असते. चुकतो तो क्रमांक, काळ किंवा क्रम.

खालचे दर आणि तारखा आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होतो, तेव्हा आयकराच्या कलमांचे आकडे बदलतात. २०२५-२६ च्या पगाराचं उरलेलं काम मात्र जुन्याच कायद्याने आणि जुन्याच फॉर्मवर संपवायचं.

## टप्पा १: आपल्याला काय लागू होतं ते आधी ठरवा

डोकी मोजा. कायम, हंगामी, ठेकेदाराकडून आलेले, अर्धवेळ, सगळे एका यादीत घ्या. मग पाहा:

व्यवसाय कर: एकाही पुरुष कामगाराचा महिन्याचा पगार ७,५०० रुपयांच्या वर किंवा एकाही महिला कामगाराचा २५,००० च्या वर असेल, तर मालकाला पीटीआरसी (कामगारांचा कर कापून भरायची नोंदणी) घ्यावंच लागतं. इथे माणसांच्या संख्येची अट नाही. एकच नोकर असला तरी लागू.

पगारावरचा टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापायचा आयकर: इथेही संख्या पाहायची नाही. उलाढालही पाहायची नाही, आणि नेमकी इथेच गल्लत होते. ठेकेदाराला पैसे देताना कापायच्या टीडीएसमधून (कलम १९४सी) ऑडिटच्या मर्यादेखालचा छोटा मालक सुटतो. पगाराच्या टीडीएसमधून (कलम १९२) कुणीच सुटत नाही. कामगाराचं उत्पन्न करपात्र झालं की कापायचा.

कामगार कल्याण निधी: ५ किंवा जास्त कामगार.

ईएसआयसी (कामगार राज्य विमा): कारखान्यात १० किंवा जास्त कामगार, महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले त्यात येतात. अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे.

पीएफ: २० किंवा जास्त कामगार. वर्षातल्या एखाद्या हंगामात आकडा २० ला गेला, तरी लागू होतो आणि पुढे माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही. जिनिंगवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. दिवाळीनंतर कापूस आला की रोजंदारीवर दहा-बारा माणसं वाढतात, आणि मालक मात्र 'कायमचे तर नऊच आहेत' असं धरून चालतो.

> सावधान: मुकादमामार्फत आलेल्या माणसांचा पीएफ आणि ईएसआयसी मुकादमाने भरला नाही, तर वसुली मूळ मालकाकडून होते. मुकादमाचं बिल द्यायच्या आधी त्याच्या त्या महिन्याच्या चलनाची प्रत मागा. प्रत नसेल तर तेवढी रक्कम राखून ठेवा.

पगार कुणाचा धरायचा, हेही इथेच ठरवून घ्या. एकल मालकाला स्वतःला पगार देता येत नाही. तो उचलतो ती रक्कम नावे पडते, तिच्यावर टीडीएस नाही आणि पीटीआरसीही नाही. भागीदाराला दिलेला मेहनताना पगार नसतो. त्यावर १ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टी लागू आहे: वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेला तर १० टक्के, आणि त्याचं विवरण पगाराच्या २४क्यू फॉर्ममध्ये नाही तर २६क्यू मध्ये जातं. खासगी कंपनीच्या पगारी संचालकाचा पगार मात्र पगारच असतो.

## टप्पा २: नोंदण्या, आणि त्यांचे क्रमांक भिंतीवर

पीटीआरसी आणि पीटीईसी. राज्याच्या कर खात्याच्या महाजीएसटी संकेतस्थळावर दोन्ही निघतात, पण ही दोन वेगळी कामं आहेत. पीटीईसी हा मालकाचा स्वतःचा कर: वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. पीटीआरसी म्हणजे कामगारांचा कापून भरायचा कर. कंपनी असेल तर कंपनीचं पीटीईसी वेगळं आणि प्रत्येक संचालकाचं वेगळं; भागीदारीत प्रत्येक भागीदाराचं वेगळं. ओळखायची खूण सोपी: पीटीआरसीचा क्रमांक २७ ने सुरू होतो, पीटीईसीचा ९९ ने, दोन्हींच्या शेवटी इंग्रजी 'पी'. चलन भरणाऱ्या मुलाला एवढं जरी पाठ करायला लावलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

अर्जाला पॅन, जागेचा पुरावा (लाइट बिल किंवा भाडेकरार), बँकेचा रद्द केलेला चेक आणि कामगारांची पगारासह यादी तयार ठेवा. कर लागू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

नवी कंपनी काढली असेल तर नोंदणीच्या अर्जाबरोबरच पीटीआरसी, पीएफ आणि ईएसआयसीचे क्रमांक आपोआप मिळालेले असतात. पीएफ आणि ईएसआयसीचं काम माणसांची संख्या मर्यादेला पोचल्यावर सुरू होतं. पीटीआरसीचं तसं नाही; क्रमांक मिळाला की विवरण सुरू, कर शून्य असला तरी. 'आपण तर घेतलंच नव्हतं' म्हणून सोडून दिलेल्या क्रमांकावर विलंब शुल्क साठत राहतं.

टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक. टीडीएस कापायचा असेल तरच लागतो. फॉर्म ४९बी, शुल्क ७७ रुपये. दहा अक्षरांचा असतो: आधी चार इंग्रजी अक्षरं, मग पाच आकडे, शेवटी एक अक्षर. पॅनमध्ये पाच अक्षरं आधी येतात, म्हणून दोन्ही एकमेकांच्या जागी लिहिले जातात.

> तपासा: पीटीआरसी, पीटीईसी, टॅन, पीएफचा आस्थापना क्रमांक आणि ईएसआयसीचा १७ आकडी क्रमांक एका कागदावर, प्रत्येकापुढे त्याचा लॉगिन कुणाच्या मोबाइलला जोडलाय तेही. जुना मुनीम काम सोडून गेला आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातोय, असं पंधरा तारखेच्या संध्याकाळी कळून उपयोग नाही.

## टप्पा ३: कामगार रुजू होतो त्याच दिवशी घ्यायचे कागद

या टप्प्याला कुणी टप्पा मानत नाही, आणि पुढचं निम्मं नुकसान इथूनच येतं.

पॅन, आधार, बँक पासबुक, आधी कुठे काम केलं असल्यास त्याचा यूएएन (पीएफचा बारा आकडी क्रमांक) आणि ईएसआयसीचा क्रमांक. पीएफसाठी फॉर्म ११ भरून घ्या. त्यात आधीच्या नोकरीची माहिती येते. ती न विचारता नवा यूएएन काढला, की एकाच माणसाचे दोन यूएएन होतात आणि पैसे काढायच्या वेळी तो तुमच्याच दारात उभा राहतो. नवा यूएएन आता उमंग ॲपवर चेहरा पडताळून निघतो. म्हणजे माणूस समोर लागतो. रुजू होण्याच्या दिवशीच करून घ्या, मागाहून तो गावी गेलेला असतो.

नाव तिन्ही कागदांवर सारखं आहे का ते अक्षरन्‌अक्षर बघा. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मधे, पॅनवर आडनाव आधी, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग, हे नेहमीचं. आधार जुळलं नाही तर त्या कामगाराचा पीएफ भरताच येत नाही. जन्मतारखेचंही तेच. दुरुस्ती आधारमध्ये आधी, मग बाकी ठिकाणी. उलट क्रमाने केली तर पुन्हा करावी लागते.

ईएसआयसीची नोंद रुजू झाल्यापासून १० दिवसांत करा. अपघात क्रमांक निघायची वाट पाहत नाही.

ज्यांचा पगार करपात्र होऊ शकतो त्यांच्याकडून आणखी दोन गोष्टी लेखी घ्या: नवी करप्रणाली की जुनी, आणि जुनी असेल तर फॉर्म १२बीबी मध्ये गुंतवणुकीचा आणि घरभाड्याचा तपशील. काहीच लिहून दिलं नाही तर नवी प्रणाली धरायची. व्याजावर वगैरे दुसरीकडे कर कापला गेला असेल तर तो कामगार फॉर्म १२बीएए वर कळवू शकतो. वर्षाच्या मधे आलेल्या माणसाकडून आधीच्या मालकाने दिलेल्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कागद घ्या.

> सावधान: करपात्र पगार असून पॅन दिला नाही तर किमान २० टक्के दराने कापावं लागतं. आधारशी न जोडलेला, निष्क्रिय झालेला पॅन हा न दिल्यासारखाच.

## टप्पा ४: पगारपत्रक, आणि त्यातला हिशोबाचा क्रम

हजेरी बंद करा, मग एकूण पगार काढा, मग कपाती. उलटं करणारे, म्हणजे हातात द्यायचा आकडा आधी ठरवून मागे हिशोब जुळवणारे, फेब्रुवारीत हमखास अडकतात.

मूळ पगार किती दाखवायचा हा प्रश्न आता सहज सुटत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या 'वेतना'च्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ पगार ३० टक्के आणि बाकी सगळं 'विशेष भत्ता' ही जुनी युक्ती संपली. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ पगारातच धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं होतं.

आता एका कामगाराचा पूर्ण हिशोब. जालन्यातल्या २२ माणसांच्या कारखान्यातला पुरुष कामगार, वेतन १४,०००, पूर्ण हजेरी.

कामगाराच्या पगारातून:
- पीएफ १२ टक्के: १,६८०
- ईएसआयसी ०.७५ टक्के: १०५
- व्यवसाय कर: २०० (फेब्रुवारीत ३००)
- हातात: १२,०१५

मालकाच्या खिशातून, पगाराशिवाय:
- पेन्शन योजनेत ८.३३ टक्के: १,१६६
- पीएफ खात्यात उरलेले: ५१४
- ठेवसंलग्न विमा ०.५ टक्के: ७०
- प्रशासन शुल्क ०.५ टक्के: ७०
- ईएसआयसी ३.२५ टक्के: ४५५
- एकूण: २,२७५

म्हणजे १४,००० चा माणूस मालकाला १६,२७५ ला पडतो. भाव ठरवताना हा आकडा धरा.

काही बारीक गोष्टी. पीएफची सक्तीची मर्यादा १५,००० वेतनाची आहे, त्यामुळे पेन्शनचा भाग १,२५० च्या वर जात नाही. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला आणि तेव्हाच १५,००० च्या वर पगार असलेला माणूस पेन्शन योजनेत येत नाही. त्याचे मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफ खात्यात जातात. सॉफ्टवेअर हे आपोआप ओळखत नाही. प्रशासन शुल्क संपूर्ण आस्थापनेचं मिळून महिन्याला किमान ५०० रुपये.

ईएसआयसीत पैसे आले की पुढच्या पूर्ण रुपयावर न्यायचं: १३,५०० वर १०१.२५ येतात, भरायचे १०२. जादा कामाचे पैसे २१,००० ची मर्यादा मोजताना धरत नाहीत, पण वर्गणी मात्र त्यांच्यावरही लागते. आणि पगारवाढ होऊन कुणी २१,००० च्या वर गेला, तर त्याच महिन्यापासून कपात थांबवायची नाही. वर्गणीचे दोन काळ आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तो काळ संपेपर्यंत पूर्ण पगारावर कापत राहायचं. जूनमध्ये वाढ दिली आणि जुलैपासून ईएसआयसी बंद केली, ही चूक तपासणीत पहिल्या पानावर सापडते.

व्यवसाय कराचे टप्पे १ एप्रिल २०२३ पासून असे: पुरुषांना ७,५०० पर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० ला १७५, त्यापुढे २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत काही नाही, त्यापुढे पुरुषांसारखंच. ६५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा जास्त कायम अपंगत्व असलेल्या कामगाराला सूट आहे. अपंगत्वाचा दाखला फाइलला लावा. महिलांची जुनी मर्यादा १०,००० होती आणि अजून कित्येक एक्सेल शीट तीच धरून चालल्या आहेत. शिवण युनिटमधल्या १२,००० च्या बाईच्या पगारातून आजही २०० कापले जात असतील, तर ते तिला परत करायचे आहेत.

उचल. आपल्याकडचा खास विषय. उचल दोन प्रकारची असते आणि वहीत दोन्ही एकाच खात्यात पडतात. पुढच्या महिन्याचा पगार आधी दिला, तर तो आगाऊ पगार. ज्या वर्षी हातात दिला त्या वर्षीचं उत्पन्न. लग्नासाठी किंवा बोअरसाठी दिलेले आणि हप्त्याने फेडायचे पैसे हे कर्ज. ते उत्पन्न नाही. व्यवसाय कर, पीएफ, ईएसआयसी नेहमी उचल वजा करण्याआधीच्या पगारावर. १४,००० पैकी ५,००० उचलीत वळते केले म्हणून ९,००० वर १७५ कापायचे नसतात. कर्जाला साधी चिठ्ठी का होईना, सही घेऊन ठेवा.

> तपासा: शक्यतो पगार बँकेत द्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही.

## टप्पा ५: सात तारीख, टीडीएस

बहुतेक छोट्या ठिकाणी हा टप्पा रिकामा जातो. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून वर्षाला १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर येत नाही. त्याच्या वर कुणी असेल, एखादा प्रोडक्शन मॅनेजर किंवा संचालक, तर वर्षभराचा अंदाजी पगार घेऊन वर्षाचा कर काढायचा आणि बारा महिन्यांत वाटायचा. मार्चमध्ये एकदम कापणं नियमात बसत नाही आणि त्या माणसालाही झेपत नाही.

उदाहरण मुद्दाम अडचणीचं घेऊ: महिन्याला १,१०,०००. वर्षाचे १३,२०,०००, वजावट जाऊन १२,४५,०००. टप्प्यांप्रमाणे कर: ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, वरच्या ४५,००० वर १५ टक्के म्हणजे ६,७५०. बेरीज ६६,७५०. पण १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढ्याहून जास्त कर लागू शकत नाही. म्हणून कर ४५,०००, त्यावर ४ टक्के उपकर १,८००, एकूण ४६,८००. महिन्याला ३,९००. ही सवलत विसरली तर आकडा ६९,४२० येतो.

कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. मार्चची ३० एप्रिलपर्यंत. आयकराच्या संकेतस्थळावर टॅनने लॉगिन करून 'ई-पे टॅक्स' मध्ये चलन तयार करा. तीन जागा जपायच्या:

१. प्रकार 'कंपनी सोडून इतर', म्हणजे ००२१. आपली कंपनी आहे म्हणून ००२० निवडतात. पण इथे ज्याचा कर कापला त्याला विचारलंय, आणि कामगार कंपनी नसतो.
२. कलम पगाराचं: खासगी मालकासाठी ९२बी. ९४सी टाकलं तर ते ठेकेदाराचं चलन झालं.
३. वर्ष. पुढचे काही महिने इथे पाय घसरणार आहे. जुन्या कायद्यातलं 'निर्धारण वर्ष २०२६-२७' म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ चा पगार. नव्या कायद्यातलं 'कर वर्ष २०२६-२७' म्हणजे एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ चा. आकडे तेच, वर्षं वेगळी. मार्च २०२६ ची कपात एप्रिलमध्ये भरताना निर्धारण वर्षच निवडा.

> सावधान: कापलेला कर उशिरा भरला तर महिन्याला दीड टक्का व्याज, कापल्याच्या तारखेपासून, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना. ५ फेब्रुवारीला कापलेले ३,९०० रुपये ७ मार्चऐवजी ८ मार्चला भरले, तर फेब्रुवारी आणि मार्च असे दोन महिने धरून ११७ रुपये. रक्कम लहान, पण न भरता विवरण दिलं की नोटीस येते.

## टप्पा ६: पंधरा तारीख, पीएफ आणि ईएसआयसी

पीएफची ईसीआर, म्हणजे महिन्याचं विवरण, ही मजकुराची फाइल असते. प्रत्येक ओळ एका कामगाराची, आणि दोन रकान्यांच्या मधे हॅश, तरंगरेघ, हॅश अशी खूण. एक्सेलमधून काढताना बारा आकडी यूएएन मोडका होतो, म्हणून तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. बिनपगारी गैरहजेरीचे दिवस वेगळ्या रकान्यात जातात. ते न लिहिता नुसतं वेतन कमी दाखवलं तर पगार लपवल्यासारखं दिसतं.

फाइल १० तारखेलाच चढवून बघा. आधार जुळत नाही, सेवा सोडल्याची तारीख टाकलेली नाही, नाव वेगळं, असल्या चुका फाइल चढवल्यावरच दिसतात, आणि त्या एका दिवसात सुटत नाहीत. १५ तारखेला फाइल पहिल्यांदा उघडणारा मालक स्वतःच्या हाताने उशीर करून घेतो.

पीएफ उशिरा गेला तर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर नुकसानभरपाई (जून २०२४ पासून महिन्याला १ टक्का). त्याहून मोठा फटका आयकरात. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ किंवा ईएसआयसी त्या कायद्याच्या मुदतीत भरला नाही, तर ती रक्कम मालकाचं उत्पन्न धरली जाते आणि नंतर भरली तरी वजावट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हे पक्कं केलं. जुन्या कायद्याखालच्या वर्षांना, म्हणजे २०२५-२६ पर्यंत, ते लागू आहे. वरच्या कारखान्यात २२ कामगारांचे ३६,९६० रुपये एकदा १६ तारखेला भरले गेले, आणि संस्था भागीदारी असेल, तर ३० टक्के कर आणि उपकर मिळून ११,५०० च्या वर गेले. एका दिवसाच्या उशिराचे.

> तपासा: चलनावर 'पेमेंट कन्फर्म्ड' दिसतं का? खात्यातून पैसे गेले म्हणजे तिकडे जमा झाले असं नाही. पावती उतरवून महिन्याच्या फाइलला लावा.

## टप्पा ७: महिनाअखेर किंवा ३१ मार्च, व्यवसाय कर

आदल्या वर्षाचा पीटीआरसीचा कर १ लाख रुपयांच्या आत असेल तर वर्षाला एकच विवरण, ३१ मार्चपर्यंत. १ लाख किंवा जास्त असेल तर दर महिन्याला, महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत. २,५०० च्या हिशोबाने पूर्ण कर भरणारे ४० कामगार झाले की लाख होतो. पहिल्या वर्षी मात्र नव्या नोंदणीवाल्याला विवरण महिन्याचंच द्यायचं असतं. वर्षाचं समजून थांबणारे इथे अडकतात.

काळ नीट समजून घ्या. वार्षिक विवरणात मार्च ते फेब्रुवारीचे पगार येतात, एप्रिल ते मार्चचे नाही. महिन्याच्या विवरणातही एप्रिलच्या विवरणात मार्चचा पगार. हिशोबाच्या वहीतलं वर्ष आणि पीटीआरसीचं वर्ष एका महिन्याने मागेपुढे असतं, म्हणून मार्चअखेर दोन्ही जुळवायला बसलेला माणूस उगीच घाबरतो.

क्रम: आधी एमटीआर-६ चलनाने कर भरा (२७ ने सुरू होणारा क्रमांक), मग व्यवसाय कराचं ३बी विवरण. विवरणाचा एक्सेल साचा महाजीएसटीवरूनच ताजा उतरवा, मॅक्रो चालू करा, प्रत्येक पगारटप्प्यात किती माणसं ते भरा, चलनाचा तपशील टाका, फाइल चढवा, पोच घ्या. कर भरून विवरण राहून गेलं, ही सर्वात जास्त घडणारी गोष्ट. कर वेळेत असला तरी विवरणाचं विलंब शुल्क १,००० रुपयांपर्यंत वेगळं लागतं, प्रत्येक विवरणाला.

## टप्पा ८: सहामाही कामगार कल्याण निधी

छोटं काम आहे, म्हणूनच विसरतं. जून आणि डिसेंबरच्या पगारातून प्रत्येकी २५ रुपये कापायचे, मालकाचे ७५ घालायचे, आणि १५ जुलै व १५ जानेवारीपर्यंत महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे ऑनलाइन भरायचे. २२ माणसांचे सहामाहीला २,२००. २०२४ आधीचे १२ आणि ३६ चे आकडे अजून जुन्या शीटमध्ये असतील तर बदला.

## टप्पा ९: तिमाही २४क्यू आणि जूनमधला फॉर्म १६

टीडीएस कापला असेल तरच. तारखा: ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी, आणि शेवटच्या तिमाहीची ३१ मे. आरपीयू नावाच्या मोफत युटिलिटीत भरायचं, चलनांची सीएसआय फाइल उतरवून जोडायची, तपासणी होऊन एफव्हीयू फाइल निघाली की टॅनच्या लॉगिनवरून चढवायची. चौथ्या तिमाहीत दुसरं परिशिष्ट भरावं लागतं. त्यात वर्षभराचा पगार, वजावटी आणि निवडलेली करप्रणाली येते. पहिल्या तीन तिमाह्या निवांत गेलेला माणूस इथे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कागद शोधत बसतो.

चढवण्याआधी ट्रेसेसवर (आयकर खात्याचं टीडीएसचं संकेतस्थळ) प्रत्येक पॅन तपासा. एक अक्षर चुकलं तर कर दुसऱ्याच्या नावावर जातो आणि वर २० टक्क्यांची मागणी निघते. एखाद्या तिमाहीत कापायचंच काही नसेल, तर ट्रेसेसवर तसं घोषणापत्र देऊन ठेवा. नोटिसांना उत्तर देण्याचा वेळ वाचतो.

उशिराचं शुल्क दिवसाला २०० रुपये, जास्तीत जास्त त्या तिमाहीच्या कराइतकं. महिन्याला ३,९०० कापणाऱ्याची तिमाही ११,७०० ची. दोन महिने उशीर झाला की जेवढा कर तेवढंच शुल्क.

फॉर्म १६ ट्रेसेसवरूनच उतरवायचा आणि १५ जूनपर्यंत कामगाराला द्यायचा. दिल्याची सही घ्या.

> शेवटची तपासणी, वर्षातून एकदा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात: पगारपत्रकातल्या प्रत्येक कपातीच्या रकान्याची वर्षाची बेरीज एका बाजूला, त्या त्या चलनांची बेरीज दुसऱ्या बाजूला. व्यवसाय कराला मार्च ते फेब्रुवारी धरा, बाकींना एप्रिल ते मार्च. फरक आला तर आधी क्रमांक बघा, मग काळ, आणि सर्वात शेवटी रक्कम.